शकीलच्या पिवळ्या ओळी

शकील शेखला गडचिरोलीतल्या एका संस्थेच्या समन्वयकाने फसवलं. हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहितो आहे. स्मृतिलेखात माणूस किती चांगला होता ते आधी सांगायचं असतं आणि भांडणाचं शेवटी, जागा उरली तर, असं मला सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं नाही. त्या समन्वयकाचं नाव मी मूळ मजकुरात तीनदा लिहिलं होतं, पुरवणीच्या संपादकांनी तिन्ही ठिकाणी काढलं. फोनवर अर्धा तास वाद घातला आणि शेवटी एका अटीवर सोडलं, की बाकीच्या एकाही शब्दाला हात लावायचा नाही. तेव्हा इथे त्यांना नुसतं साहेब म्हणतो. वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

शकील गेला त्याला आठ आठवडे झाले. त्या दिवशी सकाळी मी बल्लारपूरला होतो, एका ऑफिसातले जुने प्रिंटर लिलावात निघाले होते ते बघायला. एका प्रिंटरचं झाकण उघडून आत बोट फिरवत होतो आणि 'यात उंदीर राहून गेले' असं मुद्दाम मोठ्याने म्हणत होतो, म्हणजे बाकीच्यांचा उत्साह कमी व्हावा. तेवढ्यात मोबाईल वाजला. नजमाभाभी होत्या, शकीलची बायको. "भैया, आ जाओ," एवढंच म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वी त्याला तापात दवाखान्यात ठेवलं होतं. मलेरिया डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले होते. मी झाकण हातात घेऊनच बाहेर आलो. गाडीपाशी पोचल्यावर बघितलं तर झाकण हातातच... परत द्यायलाही गेलो नाही. बेचाळीस वर्षांचा होता तो.

आमची ओळख झाली तेव्हा जटपुरा गेटजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. बाप पेपर मिलच्या आवारात बांबू उतरवायचा, मी दहावीनंतर भंगार विकायला लागलो. भंगारातून टाईपरायटर, टाईपरायटरमधून कॉम्प्युटर. कोणी मला काही दिलं नाही, जे घेतलं ते घासाघीस करून घेतलं, हे मी लपवत नाही. एकदा एक हेडमास्तर दुकानात येऊन अक्षरशः रडायला लागले. दहावीच्या सराव परीक्षेचे सगळे गुण फ्लॉपीवरच्या एक्सेलच्या फायलीत होते आणि ती फाईल उघडत नव्हती. मी दोन दिवस झटापट केली, काही झालं नाही. मग कोणी तरी सांगितलं, गल्लीच्या टोकाला एक घड्याळजी आहे, त्याला दाखव.

शकीलचा बाप घड्याळजी, आजाही घड्याळजी. पण लोक सेलची घड्याळं घालायला लागले होते, ती बिघडली की फेकायची. शकील रिकाम्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि कोणी दिलेले बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून बघायचा. मी फ्लॉपी त्याच्यासमोर टाकली. त्याने ब्लेडने तिचं प्लास्टिकचं कवच उघडलं, आतली पातळ काळी चकती चिमट्याने बाहेर काढली आणि उजेडात धरली.

"बुरशी हाय," तो म्हणाला. "पाऊसपाण्यात लोखंडी कपाटात ठेवली अशीन."

"जमते का, तेवढं सांग."

"धुवून पाहू."

मला वाटलं गंमत करतो आहे. त्याने बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी एका बशीत ओतलं, चकती धुतली, जुन्या बनियनच्या तुकड्यावर वाळवली, नव्या फ्लॉपीच्या कवचात घालून बंद केली. संध्याकाळपर्यंत सगळे गुण पडद्यावर आले. एका मुलाच्या गणिताच्या रकान्यात मात्र काहीच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले, पोरगा हुशार आहे, अडुसष्ट टाका, तेवढे असतीलच. शकीलने टाकले नाहीत. "दिसतच नाई सर, तं लिहू कसा?" शाळा कोरपन्याजवळ होती. दुसऱ्या दिवशी हा बसने कोरपन्याला गेला, त्या पोराचा पेपर गठ्ठ्यातून शोधला, गुण बघितले आणि परत आला. एकसष्ट होते. त्या एका आकड्यासाठी त्याचा अख्खा दिवस गेला म्हणून मी त्याला शिव्या दिल्या, आणि त्याच आठवड्यात त्याला माझ्या दुकानात आणून बसवलं. मधे प्लायवूडची भिंत घातली. भिंतीच्या पुढे मी बोलायचो, मागे तो काम करायचा. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, मशीन अवघड आहे, आठ दिवस लागतील, आणि मागून तो ओरडायचा, "शेठ, झालं ना बे! घेऊन जा म्हणा." किती वेळा झालं असेल असं. मला 'शेठ' म्हणायचा तो टोमण्यानेच.

चार-पाच वर्षांत चंद्रपूर, गडचिरोली दोन्ही जिल्ह्यांत नाव झालं. सिमेंट कारखान्यांची हजेरीपत्रकं, पतसंस्थांच्या याद्या, एका वकिलाच्या तारखा... बिघडलेली फाईल असली की लोक आमच्याकडे यायचे. शकील मला कधीकधी समजावून सांगायचा. फाईल मेली म्हणजे सगळी मरत नाही, म्हणायचा. आत ढिगारा असतो, ढिगाऱ्यात अक्षरं जिवंत असतात. साध्या मजकुराच्या खिडकीत ती फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा, मग तो त्यावर मराठी फॉन्ट चढवायचा आणि कचऱ्यातून एकदम 'सुकरी कुमरे' असं माणूस उठून बसायचं. तेव्हा तो टेबलावर टिचकी मारायचा. भिंतीच्या अलीकडे मला ती टिचकी ऐकू यायची.

मग ते साहेब आले. त्यांच्या संस्थेने घोट गावाकडच्या जंगलातल्या चाळीस गावांत सिकलसेलची रक्ततपासणी केली होती. सिकलसेल म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्ताचा आजार आहे, आईबापांकडून येतो, सांधे असे दुखतात की माणूस जमिनीवर लोळतो. तपासणी झाली की संस्था प्रत्येकाला कार्ड देणार होती. आजार असेल तर लाल, स्वतःला त्रास नाही पण पोराबाळांत उतरू शकतो त्याला हिरवं, निरोगी असेल तर पांढरं. लग्न ठरवताना दोन्हीकडची कार्डं बघायची, आणि लाल कार्ड असेल त्याला दवाखान्यात लगेच घ्यायचं, असं ठरलं होतं. काम चांगलं होतं, त्यात वाद नाही. पण संस्थेचा कॉम्प्युटर वीज पडून जळला. प्रयोगशाळेच्या वहीत फक्त नमुन्याचा क्रमांक आणि निकाल लिहिलेला होता. कोणता क्रमांक कोणत्या माणसाचा, हे फक्त एक्सेलच्या फायलीत होतं आणि तिची एकच फ्लॉपी उरली होती, बुरशी लागलेली.

शकीलने फ्लॉपी बघून महिना मागितला. साहेब म्हणाले, दहा दिवस. मोठे पाहुणे येणार होते, त्यांच्या हस्ते कार्डं वाटायची होती. वाटाघाट माझ्याकडे. आयुष्यभर भाव केलेला माणूस मी, पण त्या दिवशी दिवसांचा भाव करताना साहेबांच्या समोर बसून दहाच दिवसांवर 'चालेल' म्हणून आलो. प्लायवूडमागे जाऊन शकीलला सांगितलं तेव्हा तो भिंग पुसत बसला.

आठव्या दिवशी त्याने मला आत बोलावलं. नावं निघाली होती, चाळीसही गावांची. मी खूश झालो. तो खूश नव्हता. म्हणाला, "गावं पाह्य. पहिल्या गावात सारे लोक हायेत. दहाव्या गावात अर्धे. चाळीसाव्या गावात चारच माणसं उरले. लोक कुठी गेले?"

मग त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एक्सेलची फाईल नावं एका बाजूला ठेवते आणि कोणतं नाव कोणत्या ओळीत आहे त्याची नोंद दुसऱ्या बाजूला. जागा वाचवायला एक नाव ती एकदाच लिहून ठेवते, मग ते पन्नास ओळींत असलं तरी. नोंदीची बाजू बुरशीने बरीचशी खाल्ली होती, नावांची बाजू शाबूत होती. आणि आपल्या जंगलातल्या गावांत लेकराचं नाव त्याच्या जन्मवारावरून ठेवतात. सोमवारी झाली ती सोमी, मंगळवारची मंगली, बुधवारचा बुधू, शुक्रवारची सुकरी. आडनावं पाच-सहाच. एका मंगली मडावीचं नाव पहिल्या गावात आलं, की पुढच्या एकोणचाळीस गावांतल्या सगळ्या मंगली मडावी यादीतून गेल्या. आणि पंधराव्या नमुन्याची मंगली गेली, की सोळाव्याचा बुधू तिच्या जागी येऊन बसतो, सतरावी सुकरी बुधूच्या जागी... तिथून पुढे अख्खं गाव एकेक ओळ वर सरकतं. निकाल मात्र आपल्या जागीच राहतात.

"म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर," मी म्हणालो.

"हो ना."

ज्या ओळींची त्याला खात्री होती त्या त्याने तशाच ठेवल्या. बाकी साडेतीनशेच्या वर ओळी त्याने पिवळ्या रंगवल्या. शेवटी एक रकाना घातला आणि प्रत्येक पिवळ्या ओळीपुढे लिहिलं, 'गावात जाऊन विचारा'. साडेतीनशे वेळा. नक्कल करून चिकटवता आलं असतं, पण त्याने एकेक ओळ तपासत टाईप केलं, कारण ती ओळ पुन्हा एकदा डोळ्याखालून जाते म्हणे.

आता मला जे लिहायचं आहे ते मी आठ आठवडे टाळत आलो. दहाव्या दिवशी यादी घेऊन मी एकटाच साहेबांच्या ऑफिसात गेलो. पिवळ्या ओळी दाखवल्या, समजावून सांगितलं. साहेबांनी चहा मागवला. मग एक टाईप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की संपूर्ण यादी सुस्थितीत प्राप्त करून देण्यात आली. मी म्हटलं, 'संपूर्ण' हा शब्द काढा. साहेब हसले. म्हणाले, तुम्हीच वाटाघाटीचे राजे, तुम्हाला काय शिकवायचं. आम्हाला पुढे आणखी तीन तालुक्यांचं काम आहे, ते तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे, फक्त आमची फाईल पूर्ण दिसायला हवी. पिवळं आम्ही बघून घेऊ. मी सही केली. शब्द वाचून, समजून, सही केली. दुकानात आल्यावर शकीलने विचारलं, "पिवळं सांगतलं ना?" मी म्हटलं, "सांगतलं." ते खरंच होतं. कागदाचं मी बोललो नाही.

साहेबांनी पिवळा रंग काढून टाकला. शेवटचा रकाना उडवला. ज्या गावात माणसं कमी पडत होती तिथे गावच्या यादीवरून उरलेली नावं तळाला चिकटवली आणि कार्डं छापली. पाहुणे आले, कार्डं वाटली. आणखी तीन तालुक्यांचं काम काही आलं नाही. वर्षभराने संस्थेचा प्रकल्प संपला आणि साहेब नागपूरला गेले.

दोन वर्षांनी एक बाई दुकानात आल्या. पन्नाशीच्या, हातात प्लास्टिकची पिशवी. कोसमटोल्याच्या रैनीबाई मडावी. चामोर्शीहून पहिल्या बसने निघाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक पांढरं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. त्यांची मुलगी मंगली, सतरा वर्षांची. थंडी-पावसात अंग दुखायचं, गुडघे सुजायचे. दवाखान्यात नेलं की तिथले लोक कार्ड बघायचे, पांढरं आहे, सिकलसेल नाही, वात असेल म्हणायचे, गोळी द्यायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, भाताच्या रोवणीच्या कामाला जायला नको म्हणून नाटकं करते. रैनीबाईंनीही एकदा तिला रागावून चिखलात उतरवलं होतं. शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली तेव्हा पुन्हा रक्त तपासलं. कार्ड लाल असायला हवं होतं. त्यानंतर ती चार दिवस होती.

"संस्थेवाले म्हन्ले, चंद्रपूरच्या दुकानवाल्यानं यादी बिघडवली," रैनीबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माज्या पोरीचं नाव तुमी लिवलं का भाऊ?"

माझं डोकं फिरलं. मी कागद, पिवळ्या ओळी, साहेब, सगळं एकदम ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात शकील भिंतीमागून बाहेर आला. भिंग कपाळावर तसंच होतं. त्याने कार्ड हातात घेतलं, बराच वेळ बघितलं.

"हो बाई," तो म्हणाला. "मीच लिहिलं."

रैनीबाई त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "ते नाटक नाई करत होती."

"नाई बाई. नाटक नव्हती करत."

एवढं ऐकायला त्या आल्या होत्या बहुतेक. कार्ड त्यांनी परत पिशवीत ठेवलं. शकीलने त्यांना पाणी दिलं, स्टँडपर्यंत सोडून आला. परत आल्यावर मी त्याच्यावर तुटून पडलो. "काऊन मान्य केलं बे? तू तं पिवळं केलं होतं!"

"तिले आता पिवळा रंग समजावू का मी?" तो म्हणाला. "पोरगी गेली तिची."

आणि मी गप्प बसलो. तेव्हा सांगायला हवं होतं, की त्या 'संपूर्ण'खाली सही माझी आहे. तो माणूस माझ्यासमोर दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेत होता आणि मी फक्त साहेबांना शिव्या देत होतो. शिव्या देणं मला सोपं जातं.

पुढच्या रविवारपासून शकील गावांना जायला लागला. त्या भागातल्या एक नर्सबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, चाळीस गावांचं रक्त मी पुन्हा घेऊ शकत नाही, पण कार्ड चुकलंय असं ज्यांच्याबद्दल वाटतं त्यांची नावं आणा, त्यांचं घेते. म्हणजे काम पुन्हा पिवळ्या ओळींवरच आलं. शकीलने त्यासाठी जो मार्ग काढला तो कुठल्याही पुस्तकात नाही. फायलीतून जे निघत नव्हतं ते त्याने माणसांच्या डोक्यातून काढलं. तो गावात जाऊन एकच प्रश्न विचारायचा. रक्त घेतलं त्या दिवशी रांगेत तुमच्या पुढे कोण होतं? नमुन्याचे क्रमांक रांगेप्रमाणे पडले होते, आणि रांग लोकांना आठवत होती. सुई टोचून घेण्याची रांग कोण विसरतं?

पहिले दोन-तीन रविवार मी त्याच्याबरोबर गेलो. एका गावात मोहाच्या झाडाखाली सगळे जमले होते. शकीलने विचारलं, गावात मंगली मडावी किती? एक म्हातारा म्हणाला, "सात हायेत. तुले कोनती पायजे, लग्नाले का?" सगळे हसले. एक मंगली फणकाऱ्याने म्हणाली, "याचं तोंड पाहून तं एकबी नाई येनार." शकील लाजला आणि वहीत लिहू लागला. मग एकेकीची ओळख सुरू झाली. बोडीजवळची, म्हणजे गावतळ्याजवळची मंगली, रेडिओवाल्याची मंगली, दोन वेण्यांची, माहेरी परत आलेली. "माज्या पुढं बुधी होती," एक जण म्हणाली, "सुई पाहून पळाली, मंग मी तिच्या जागी गेली." "खोटं नको बोलू," बुधी ओरडली, "मी पळाली नाई, लेकराले पाजाले गेली होती." यावर पाच मिनिटं भांडण. शकील दोघींचं लिहून घेत होता. मी घड्याळ बघत होतो, परतीची बस निघून जाईल म्हणून चिडत होतो. तो म्हणाला, "शेठ, भांडू दे. यातूनच ओळ निघते."

मी नंतर जाणं सोडलं. दुकान, लिलाव, कारणं होती. तो तीन वर्षं जात राहिला. पावसाळ्यातही. गावांत त्याला रांगवाला भाऊ म्हणायला लागले. एकेक ओळ नक्की झाली की नर्सबाईंकडे नाव जायचं, रक्त तपासलं जायचं, कार्ड बदलायचं. किती कार्डांचा रंग बदलला ते त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही... विचारायची भीती वाटायची. एकदाच दुकानात येऊन म्हणाला, एक लग्न थांबलं, दोघंही हिरवे निघाले. "पोरगी माझ्यावर जाम चिडली बे." सांगताना हसत होता, पण त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही.

ताप त्याला त्या भागातूनच लागला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता. ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. तो नावं घेत होता, एकामागून एक, बुधू, सोमी, सुकरी... मधेच थांबायचा आणि पुन्हा मागून सुरू करायचा. मी त्याला सहीचं सांगायला गेलो होतो. घरून ठरवून निघालो होतो. नर्स म्हणाली, बोलू नका, त्यांना आराम पडू द्या. मला ते बरंच वाटलं. बाहेर येऊन बाकावर बसलो. त्यानंतर दोन दिवसांनी बल्लारपूरला फोन आला.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर नजमाभाभींनी मला घरी बोलावलं. त्याच्या टेबलावर यादीचा शेवटचा छापील गठ्ठा होता. पूर्ण झालेल्या ओळी त्याने पेन्सिलीने खोडल्या होत्या. मोजल्या तर अकरा उरल्या. सगळ्या कोसमटोल्याच्या. ते गाव त्याने शेवटी ठेवलं होतं. का ते भाभींना माहीत नव्हतं, मला माहीत आहे.

गेल्या रविवारी मी कोसमटोल्याला गेलो. रांगवाला भाऊ येणार म्हणून शाळेच्या ओसरीत खाट टाकलेली होती. दर रविवारी टाकत होते, एक जण म्हणाला, आज ना उद्या येईल म्हणून. तो गेल्याचं मी सांगितलं. खाट तशीच राहिली, तिच्यावर कोणी बसलं नाही, मीही नाही. मी गठ्ठा काढला आणि रांगेचं विचारू लागलो. मला ते येत नाही. मी घाई करतो, माणसाचं वाक्य तोडतो. तीन तासांत दोन ओळी निघाल्या.

मग रैनीबाईंच्या अंगणात गेलो आणि सांगितलं. शकीलने नाव चुकवलं नव्हतं, त्याने पिवळं केलं होतं. पिवळं साहेबांनी पुसलं, आणि सगळं ठीक आहे या कागदावर सही माझी होती. त्या धान पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"मंग तो काऊन म्हन्ला, मीच लिवलं?"

लिलावात, दुकानात, पोलिस ठाण्यात, कुठेही माझी जीभ अडली नाही कधी... तिथे अडली. त्यांनी पुन्हा सूप उचललं.

साहेब, माझ्या वाट्याचं मी इथे लिहिलं आहे, ज्याला यायचं त्याने जटपुरा गेटजवळच्या दुकानात यावं. तुमच्या वाट्याचं उरलं आहे. साडेतीनशे ओळींसमोर 'गावात जाऊन विचारा' असं लिहिलेलं तुम्ही वाचलं होतं, मी स्वतः बोट ठेवून दाखवलं होतं. तो रकाना उडवताना तुम्हाला काय वाटलं, की विचारायला कोण जातं? नागपूरहून चामोर्शी, चामोर्शीहून घोटची बस, पुढे पायवाट. कोणीही कोसमटोला दाखवेल. रैनीबाई घरीच असतात. मला पत्र पाठवू नका, संपादकांना खुलासा पाठवू नका. त्यांच्या अंगणात जा, खाली बसा, आणि त्यांना सांगा पिवळा रंग कोणी पुसला.